वासाचा रकाना

आधीच सांगून टाकते, मला मलमाचा वास आवडत नाही. लहानपणापासून नाही. माझ्या दप्तराला, वेणीला, वह्यांच्या पानांनासुद्धा कापराचा वास यायचा आणि वर्गात माझ्या शेजारची जागा कायम रिकामी असायची. म्हणून जिद्दीनं शिकले, रसायनशास्त्राची पदवी घेतली, लांबच्या शहरात एका शाम्पूच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले. म्हटलं, सुटले एकदाची. चार वर्षांनी कंपनीनं माणसं कमी केली आणि त्यात माझा नंबर पहिला. मग काय, गाशा गुंडाळला आणि आले परत बाबांच्या कारखान्यात. कारखाना हा बाबांचा शब्द. घरामागे पत्र्याची लांब शेड, दोन भट्ट्या, एक भलंमोठं पातेलं, डब्या भरणाऱ्या चार बायका आणि कोपऱ्यात आत्याचं स्टूल, एवढाच तो कारखाना.

मलम गुडघ्यांचं, टाचांचं, कंबरेचं. आजोबांनी सुरू केलेलं. तिळाचं तेल, मेण, सात प्रकारचा पाला नि मुळ्या, आणि उतरवताना कापूर. तेल जास्त तापलं तर पाला करपतो, कमी तापलं तर पाल्यातलं पाणी राहतं आणि मलम महिन्याभरात खवट होतं. या दोन्हीच्या मधली जी चिंचोळी वाट आहे ना, तिच्यावर आमचं घर उभं आहे.

ती वाट ओळखायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती या घरात परत आली, ती आजतागायत. आजोबांनी तिला पातेल्यापाशी बसवलं आणि त्यांना कळलं, की पोरीचं नाक विलक्षण आहे. पाला कितव्या दिवसाचा, तेल जुन्या पिंपातलं की नव्या, सगळं ती वासावरून सांगायची. तेव्हापासून आत्यानं हो म्हटल्याशिवाय एकही घाणा डबीत गेला नाही. घाणा म्हणजे एका वेळी पातेल्यात शिजतं तेवढं मलम. मी फाईलमध्ये बॅच लिहिते, पण शेडमध्ये बॅच म्हटलं की बायका तोंडावर पदर घेऊन हसतात.

एकदा जेवताना आई हसत हसत म्हणाली, "यांना मी नणंद म्हणून थोडीच सांभाळलंय, नाक म्हणून सांभाळलंय!" सगळे हसले. आत्याही हसली. नंतर भांडी पुसताना मला म्हणाली, "खरंच आहे गं. नाक आहे म्हणून ताट आहे." आज ऊन फार आहे, असं म्हणावं तशा सुरात म्हणाली. मला तिचाच राग आला. माझा राग असाच आहे, ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर कधी येत नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी नवा नियम आला. औषधाच्या दुकानात डबी ठेवायची तर गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्रासाठी फाईल हवी, फाईलमध्ये कसोट्या हव्यात आणि प्रत्येक कसोटीला मर्यादा हव्यात, इथपासून इथपर्यंत चांगलं, त्यापलीकडे वाईट. बाबांनी तो कागद चष्मा वर-खाली करून तीनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "तू शिकलेली आहेस ना? घे. घोडं इथे अडलंय." दुकानं बंद झाली तर शेड बंद, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी हुरळले, खोटं कशाला बोलू? शाम्पूच्या कंपनीत मी दुसऱ्यानं ठरवलेल्या मर्यादा तपासायचे. इथे मर्यादा मीच ठरवणार होते. शेडच्या टोकाला फळीची भिंत घालून घेतली, टेबल मांडलं, वजनकाटा आणला, काचेच्या नळ्या आणल्या. दोन काचांमध्ये मलम ठेवून वर वजन ठेवायचं आणि किती पसरतं ते मोजायचं. किती गरम केल्यावर वितळतं ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे आम्लता काढायची, कारण तेल बिघडायला लागलं की आम्लता वाढते. ती नाकाला कळायच्या आधी नळीला कळते, निदान पुस्तकात तरी तसं म्हटलंय.

पण आकडा आला तरी तो चांगला की वाईट, हे कोण सांगणार? त्यासाठी आधी चांगलं मलम कुठलं ते ठाऊक हवं. मग मी जे केलं ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस घाणे निघाले. प्रत्येक घाण्याला आत्या पास म्हणाली की नापास, ते पहिल्या रकान्यात लिहिलं. पुढच्या रकान्यांत माझे आकडे. पास झालेले एक्केचाळीस घाणे घेतले आणि त्यांच्या आकड्यांवरून मर्यादा बांधल्या. मर्यादा कशाच्या आधारे ठरवल्या, असा फाईलमध्ये प्रश्न होता. मी लिहिलं: चाळीस वर्षांच्या अनुभवी नाकाच्या आधारे. खाली माझी सही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहीच्या वर माझं स्वतःचं काहीतरी होतं.

आत्याचा निकाल देण्याचा एक रिवाज होता. भट्टीवर ढवळ्या असायचा. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण तीस वर्षं तो पातेलं ढवळतोय म्हणून ढवळ्या. मी एकटी त्याला काका म्हणते. ढवळ्याच्या शेजारी पवळ्या नव्हता, भट्टी होती, आणि तिचाच गुण त्याला लागला होता. माणूस सदा तापलेला. पातेलं उतरलं की तो लाकडी पळीवर मलम घेऊन आत्यापुढे यायचा. आत्या चिमूटभर मनगटावर चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे बारीक करायची आणि विचारायची, "काय रे, कसं झालंय?" कधी तो कुरकुरायचा, "खांदे गेले माझे. तुमचं बरंय, बसल्या जागी वास!" कधी खुशीत असायचा, "झकास झालंय आक्का, एकदम झकास!" मग आत्या निकाल द्यायची. मी निकाल तेवढा लिहून घ्यायचे. मधल्या गप्पा कशाला लिहायच्या? शिकलेली ना मी.

फाईल गेली. पुढच्याच महिन्यात शेडमध्ये उंदीर मेला.

कुठे मेला ते सापडेना, पण वास असा सुटला की काही विचारू नका. डब्या भरणाऱ्या बायका नाकाला पदर लावून कामाला बसायच्या आणि दर अर्ध्या तासानं बाहेर पळायच्या. बाबांनी कापूर जाळला, त्यानं दोन्ही वास एकत्र होऊन आणखीच भयंकर प्रकार झाला. तिसऱ्या दिवशी मी वासाचा माग काढत काढत कोपऱ्यात पोचले. आत्याच्या स्टुलाच्या मागे मुळ्यांचं पोतं होतं, पोत्याच्या मागे उंदीर. फुगलेला. आत्या त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून, मनगट नाकाशी धरून ढवळ्याला सांगत होती, "बरंय. कापूर किंचित कमी पडला बघ."

"आत्या," मी नाक दाबून म्हटलं, "तुला वास नाही येत?"

"कसला?" ती म्हणाली. आणि मग माझ्या नाकावरचा हात बघून लगेच, "येतो की! पण कामाच्या वेळी काम. तुमच्यासारखी नाजूक नाहीय मी."

मी उंदीर फावड्यावर घेऊन बाहेर गेले. खड्डा खणताना मला आठवलं, की सहा वर्षांपूर्वी आत्याला मोठा ताप आला होता, तीन आठवडे अंथरुणात होती. त्यानंतर दूध उतू जाऊन करपलं तरी ती शेजारी बसून असायची आणि आई म्हणायची, कानानं ऐकू कमी येतं वाटतं. कान कशाला! फाईलमधले एक्केचाळीस घाणे माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागले. ज्या नाकाच्या जिवावर मी दोन दशांश चिन्हांपर्यंत मर्यादा बांधल्या, ते नाक सहा वर्षं बंद होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण एक गोष्ट डोक्यात शिरेना. वही काढून पुन्हा बघितली. आत्यानं नापास केलेले सात घाणे माझ्या नळीतही नापास होते. सातच्या सात! आम्लता चढलेली. अंदाजपंचे सांगणाऱ्या बाईला हे कसं जमेल? मग पंधरा दिवस मी फळीच्या फटीतून डोळ्यांत तेल घालून बघत बसले, आणि ज्या गप्पा लिहिल्या नव्हत्या त्या लिहायला लागले. तीन घाण्यांतच उलगडा झाला. ढवळ्या कुरकुरला की आत्या पास म्हणायची. ढवळ्या झकास म्हणाला की नापास.

मला हसू आवरेना. बाई मलमाचा वास घेतच नव्हती, माणसाचा घेत होती! काम नीट झालं की ढवळ्या दमलेला आणि चिडलेला. हातून चूक झाली, ताव जास्त लागला, की तोच माणूस लोण्यासारखा मऊ. तीस वर्षं ज्याचं तोंड बघितलं त्याचं तोंड वाचायला नाक कशाला हवं? मला आत्याचं कौतुकही वाटलं. पण फाईलवर 'अनुभवी नाक' लिहून गेलं होतं आणि खाली माझी सही होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली.

मग प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. फाईल उत्तम आहे, पद्धत नावीन्यपूर्ण आहे, फक्त वासाचा रकाना ज्या व्यक्तीच्या भरवशावर आहे तिची परीक्षा घेण्यासाठी तपासनीस येतील. तीन डब्या देतील, त्यांतली एक बिघडलेली असेल, ती वासावरून ओळखायची. ओळखली तर प्रमाणपत्र, नाहीतर फाईल परत.

बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "तीनच डब्या? तीसमधून ओळखेल आमची आक्का!" आत्या मुळ्या निवडत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

आदल्या दिवशी मी तिला एकटीला गाठलं. "आत्या, उद्याचं काही... म्हणजे काही मदत हवी असेल तर सांग."

"मदत? वास घ्यायला?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच ओशाळले. "तू तुझ्या नळ्या सांभाळ."

तपासनीस बाई सकाळीच आल्या. उंच, नेटक्या, हातात कुलपाची पेटी. आणि तोंडावर डोळ्यांपर्यंत मास्क! कापराची त्यांना ॲलर्जी होती म्हणे. वासाची परीक्षा घ्यायला आलेली बाई स्वतः नाक बांधून आली, हे बघून मला एरवी किती आनंद झाला असता! पण माझं लक्ष आत्याकडे होतं. आत्या त्या मास्ककडे बघत होती. वाचायला तोंडच नव्हतं. वर बाईंनी सांगितलं, की डब्या त्यांच्या सहाय्यकानं तिकडे कार्यालयातच भरल्यात, तुमचंच दुकानांतलं मलम आहे. कुठली बिघडलेली ते त्यांनाही ठाऊक नाही, उत्तर बंद पाकिटात आहे. म्हणजे डोळे वाचूनही उपयोग नव्हता.

पेटी उघडली. एकसारख्या तीन पांढऱ्या डब्या टेबलावर आल्या. बाबा दाराशी छाती काढून उभे. आत्यानं पहिली डबी उचलली आणि परत ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "मी असा नुसता वास घेत नाही. ज्यानं मलम केलं तो समोर लागतो. चाळीस वर्षांची सवय आहे. त्याच्या हातूनच डबी घेते मी."

तपासनीस बाईंनी नियमांची पुस्तिका काढली, बोट फिरवत दोन पानं वाचली. "तयार करणारा हजर नसावा, असं कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बोलवा."

ढवळ्या हात पुसत आला. त्याला काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. पहिली डबी उघडली, स्वतःच्या नाकापाशी जेमतेम नेली आणि आत्यापुढे धरली.

"काय रे, कसं झालंय?"

"खांदे निखळले होते त्या दिवशी. कुणाला पडलंय त्याचं!"

दुसरी डबी. "काय रे?"

"झकास आहे आक्का," ढवळ्या मधाळ हसला. "एकदम झकास."

तिसरीला तो धुराबद्दल आणि ओल्या लाकडांबद्दल इतका वेळ करवादला, की बाबांना त्याला गप्प करावं लागलं.

आत्यानं तिन्ही मनगटांवर... दोनच असतात, पण मला त्या वेळी तीन दिसत होती... तिन्ही चिमटी चोळून बघितल्या, डोळे बारीक केले आणि मधली डबी पुढे सरकवली. "ही खवट आहे. कार्यालयातल्या माणसानं सांभाळली नाही नीट."

पाकीट फोडलं. मधलीच होती. तपासनीस बाईंनी मास्कच्या वरून आत्याकडे कितीतरी वेळ बघितलं. "असं नाक आमच्याकडेही नाही," त्या म्हणाल्या आणि वासाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'अचूक' असं लिहिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे चहाला गेले तेव्हा मी नळापाशी गेले. ढवळ्या पळ्या घासत होता. त्या डब्या त्यानं भरल्या नव्हत्या, कुठली बिघडलीय हे त्याला आधी माहीत असणं शक्य नव्हतं. म्हणजे चुकीमुळे तोंडावर आलेला तो लाघवीपणा नव्हताच. नाकापाशी नेऊन, वास ओळखून, मग तो 'झकास' म्हणाला होता.

"काका," मी म्हटलं, "आत्याला वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

तो पळी घासतच राहिला. "तापातून उठल्या ना, त्याच आठवड्यात कळलं. करपलेल्या घाण्याला बरं म्हणाल्या. आक्का आणि करपलेल्याला बरं? मी तो घाणा पाडलाच हातून, सांडला म्हणून सांगितलं. मालकांच्या शिव्या खाल्ल्या."

"आणि मग?"

"मग बघितलं, की त्या माझ्या तोंडाकडे बघतायत. अंदाज घेतायत. म्हटलं, बरंय, मग तोंडच नीट दाखवू या. चांगलं झालं की कुरकुरायचं, बिघडलं की गोड बोलायचं. त्यांना चटकन ओळखता यावं असं." त्यानं पळी उन्हात ठेवली. "त्यांना वाटतं, त्यांनी मला पकडलंय. वाटू दे. कुणाला बोलू नका ताई, त्यांना कळलं तर उठून जातील स्टुलावरून."

म्हणजे अठ्ठेचाळीस घाण्यांचा पहिला रकाना ढवळ्याचा होता. फाईलमधलं अनुभवी नाक, कार्यालयाचं नावीन्य, माझे दशांश, सगळं त्याच्या नाकावर उभं होतं. आणि फाईलमध्ये त्याच्याबद्दल एवढंच होतं: ढवळणे, अकुशल कामगार, एक. तेही मीच लिहिलेलं.

मी ते दुरुस्त करायला हवं होतं. करणारही होते, देवाशपथ. पण पंधरा दिवसांत प्रमाणपत्र आलं, बाबांनी ते चौकटीत घालून शेडमध्ये टांगलं, आणि त्याच्याबरोबर मलाही एक पत्र आलं. इतर लहान कारखान्यांच्या लोकांना तुमची पद्धत शिकवायला या, व्याख्यान द्या. शाम्पूच्या कंपनीनं केरासारखं बाहेर टाकलेल्या मला कुणीतरी व्याख्यानाला बोलावत होतं. ते पत्र मी दिवसातून चारदा वाचायचे. दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर गेली, मग त्याच्या पुढच्या.

दुकानांतून मागणी वाढली आणि बाबांनी ढवळायचं मशिन घेतलं. मोठ्या लाकडी खोक्यातून ते आलं तेव्हा बाबांनी ढवळ्याला, आत्याला आणि मला शेडमध्ये बोलावलं. बाबा वाईट माणूस नाहीत. वाईट बातमी सांगताना ते फक्त फार गोड होतात.

"तीस वर्षं राबलास," ते ढवळ्याला म्हणाले. "आता मशिन ढवळेल. ताव त्याचं ते सांभाळेल, आक्का वास घेईल, पोरगी आकडे लिहील. तू आता आराम कर. घरी बस, नातवंडं खेळव."

ढवळ्याला नातवंडं नाहीत. तो म्हणाला, "बरं मालक."

"थांब," आत्या म्हणाली. ती स्टुलावरून उठली होती. "त्याला काढायचं नाही."

"आक्का, अगं काढतोय कुठे, आराम..."

"मला वास येत नाही." शेडमध्ये डब्यांची खडखड चालली होती ती थांबली. "सहा वर्षं झाली. त्या तापात गेला तो गेला. मी याच्या तोंडाकडे बघून सांगते, पास की नापास. हा गेला तर मला काही सांगता येणार नाही. मशिनला तोंड आहे का?" ती थांबली नाही. "फुकट जेवले मी सहा वर्षं तुझ्या घरी. मला काय बोलायचं ते बोल. पण याला ठेव."

मला वाटलं, आता छत कोसळणार. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. अगदी मनापासून, डोळे पुसत.

"आक्का! नोकराला वाचवायला एवढी थाप? अगं सरकारी माणसानं परीक्षा घेतलीय तुझी! ते बघ, भिंतीवर टांगलंय!"

"अरे, खरंच येत नाही!"

"हो का?" बाबांनी माझ्या टेबलावरून एक डबी आणली. तुलनेसाठी मी ठेवलेलं दोन वर्षांपूर्वीचं खवट मलम होतं ते, झाकण उघडताच मी नाक दाबलं. "घे वास. सांग कसंय?"

आत्यानं डबी नाकाला लावली. मोठा श्वास घेतला. "मला काही कळत नाही."

"बघ, बघ! मुद्दाम!" बाबांना हसू आवरेना. "आक्का, तू लहानपणीसुद्धा हरायचं ठरवलंस की अशीच हरायचीस."

वास येतो हे सिद्ध करता येतं. येत नाही हे कसं सिद्ध करणार? आत्या असहाय झाली. तिनं ढवळ्याकडे बघितलं. "तू सांग रे. तुझ्यासमोर उंदीर मेला होता ना इथे? सांग त्याला."

ढवळ्यानं खांद्यावरचा पंचा नीट केला. "मालक, आक्कांचं नाक शाबूत आहे," तो म्हणाला. "माझ्यासाठी बोलतायत त्या. माझी चूक त्यांनी कधी सोडली नाही. त्यांना स्टुलावरून हलवू नका." बोलताना तो आत्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर तिला लगेच कळलं असतं, की त्याला सगळं आधीपासून ठाऊक आहे.

आता ती दोघंही माझ्याकडे वळली. बाबाही वळले. "तू शिकलेली आहेस," बाबा म्हणाले. "तुझीच फाईल. तुझीच पद्धत. काय ते एकदा सांगून टाक, म्हणजे हा विषय मिटला."

सांगायला एकच वाक्य लागलं असतं. ढवळ्याचं नाक, आत्याचं नाही. तो राहिला असता. आत्याही राहिली असती, बाबा तिला कुठे घालवणार होते? घालवायचा धाक तिच्या मनात होता, बाबांच्या नव्हता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. फक्त फाईल परत आली असती. प्रमाणपत्र खाली उतरलं असतं, काही महिने पुन्हा चाचण्या, पुन्हा रकाने, आणि खाली 'चूक माझी' म्हणून सही. आणि व्याख्यानाचं पत्र. ते तेव्हाही माझ्या पर्समध्ये होतं.

"बाबा," मी म्हटलं, "फाईलमध्ये लिहिलंय तेच खरं आहे."

"झालं!" बाबांनी हात झटकले. "मिटलं."

ढवळ्यानं पातेल्याच्या कडेवरून पळी उचलली, धुऊन ठेवली, चपला घातल्या. "येतो आक्का," म्हणाला. आत्या त्याला उत्तर द्यायला वळली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. रागानं नाही. सहा वर्षं पळी समोर आली की ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली, अगदी हळू.

मी खाली बघितलं. माझ्या हातात खवट डबी होती, ती कधी घेतली ते मला आठवत नाही.

तोवर बाबांनी खोक्याच्या फळ्या उचकटल्या होत्या आणि मशिन बाहेर काढायला दोन बायकांना हाका मारत होते. मधेच थांबून म्हणाले, "आक्का, उद्या सकाळी पहिला घाणा. तू लागशील हं."

"मी आहेच की," आत्या म्हणाली. "मी कुठे जाणार आहे?" आणि ती जाऊन स्टुलावर बसली.